औषधाचं पारणं

मी कंपाउंडर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळात मी ते होता होईल तो लपवत असे. कोणी 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारली तर मी दुरुस्त करत नसे. फार तर नम्रपणे खाली पाहत असे, म्हणजे समोरच्याची खात्रीच पटे. नागपूरहून परीक्षा पास होऊन आलो तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि माझ्या मते मध्यप्रांतातली निम्मी वैद्यकी माझ्या खिशात होती. बोलणंसुद्धा मी पुणेरी करून टाकलं होतं. 'काहून'च्या जागी 'का बरं' म्हणायचो. आई शेजारणीला सांगायची, "याले काय झालं बाप्पा, घरातच पाव्हण्यावानी बोलून राह्यला."

पहिली नोकरी अकोल्याला, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिथे दीड वर्ष टिकलो. मग एका मास्तरांना खोकल्याचं औषध आणि गुडघ्याला चोळायचं तेल, अशा दोन बाटल्या मी एकाच वेळी बांधून दिल्या आणि चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या. चोळायचं तेल मास्तर एकच चमचा प्याले आणि तोंड भाजल्यावर थांबले. खोकल्याचं गोड औषध मात्र त्यांनी आठ दिवस इमानेइतबारे गुडघ्याला चोळलं. गुडघा काही बरा झाला नाही, त्याला मुंग्या लागल्या.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अमरावतीला म्हाताऱ्यांचं घर आहे, तिथे कंपाउंडर पाहिजे. मी चिठ्ठी देतो. माणसं थोडी आहेत, म्हणजे चुका करायला तुला वावही थोडा राहील."

ती चिठ्ठी खिशात घालून मी बडनेऱ्याला गाडीतून उतरलो. उतरताना शपथ घेतली की यापुढे माझ्या हातून औषधाची चूक होणार नाही. शपथ घेताना माझी छाती इतकी फुगली होती की टांगेवाल्यानं मला सामानासकट दोन सवाऱ्या धरलं.

त्या घराच्या दारावर संस्कृतातलं लांबलचक नाव होतं. गाव त्याला 'म्हाताऱ्यांचं घर' एवढंच म्हणे. बडनेरा रस्त्याला मोठं अंगण, अंगणात झेंडूच्या कुंड्या, एका बाजूला बायकांची खोली, दुसऱ्या बाजूला पुरुषांची, मागे स्वयंपाकघर. ज्यांच्या मागेपुढे कोणी उरलं नव्हतं, किंवा असूनही उपयोगाचं नव्हतं, अशी अठरा माणसं तिथे राहत. शहरातले काही वकील आणि कापसाचे जिनवाले मिळून ते चालवत. अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. एक डॉक्टर दर गुरुवारी येऊन सगळ्यांना तपासून जात. मधल्या सहा दिवसांचा राजा मी.

तिथली माणसं एकमेकांना गावावरून ओळखत. तेल्हाऱ्याचे बुवा, परतवाड्याचे मुनशी, मोर्शीच्या आजी. माझ्याआधी औषध देण्याची तिथली पद्धत ऐकून मी कपाळाला हात लावला होता. जुन्या रखवालदाराच्या हातात जी बाटली येई ती तो रांगेत पहिल्या दिसेल त्याला पाजत असे. कोणी तक्रार केली तर म्हणे, "दवाईच हाये ना, जहर त नाई."

मी पद्धत बसवली. त्या काळी मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची उभी पट्टी चिकटवत. पट्टीच्या कडेला कातरीनं खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. हे सगळेच करत. मी पुढची पायरी चढलो. प्रत्येकाची बाटली त्याच्या उशाशी, स्वतःच्या फळीवर. दिवसाला तीन डोस, ज्याचे त्यानं घ्यायचे. रोज सकाळी नऊला मी हजेरी घेणार, एकेक बाटली उजेडात धरून पाहणार, आणि औषध ज्या खाचेवर असायला पाहिजे त्याच खाचेवर आहे की नाही ते तपासणार. ज्याचं चुकेल त्याचं नाव अंगणातल्या पाटीवर, आणि वरून मोठ्यानं वाचूनही दाखवणार, कारण अठरांपैकी तेराजणांना वाचता येत नव्हतं. लाज वाटली की माणूस सुधारतो, असं मला वाटे. स्वतःच्या बाबतीत तसा काही अनुभव नसताना हे मला का वाटावं, कोण जाणे.

पहिल्या आठवड्यात पाटी भरून गेली. दुसऱ्यात निम्मी. महिन्याभरात पाटी कोरी! रोज सकाळी अठरा बाटल्यांतलं औषध खाचेवर असं नेमकं उभं असे की मला आनंदानं गहिवरून येई. वकीलसाहेब एकदा येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "हे नमुनेदार आहे." त्या दिवसापासून मी घरी चहा पितानाही पेला उजेडात धरून पाहू लागलो.

आता मोर्शीच्या आजी.

त्या माळ्याच्या घरच्या. सगळा जन्म संत्र्याच्या बागेत गेला. नवरा गेला, पोटचं कोणी नाही, बाग पुतण्याकडे गेली आणि पुतण्यानं आजींना इकडे आणून सोडलं. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. कोणाची सुतळीसुद्धा न विचारता घेणार नाहीत. सापडलेला चिंधीचा तुकडा दोन दिवस सतराजणांना दाखवत फिरल्या होत्या. हृदय कमजोर होतं, पायांवर सूज यायची, म्हणून डॉक्टरांनी हृदयाचं मिक्श्चर दिलं होतं. मोजून द्यायचं औषध. थोडं कमी पडलं तर निभतं, जास्त झालं तर तेच हृदयाला धरतं. हे मला पुस्तकातून पाठ होतं आणि मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतही असे.

पाटी सुरू केली त्याच आठवड्यात एकादशी आली. दुसऱ्या दिवशी आजींच्या बाटलीत तीन खाचा जास्त शिल्लक. मी अंगणात उभं राहून वाचलं, "मोर्शीच्या आजी, तीन डोस घेतले नाहीत."

आजींनी पदर तोंडावर ओढला. "काल एकादशी होती ना बाबू. त्या दवाईले दारूचा वास येते. उपासाच्या दिशी कशी घेऊ?"

माझ्यापाठी सतराजण होते आणि मला बोलण्याची खुमखुमी होती. मी म्हणालो, "औषधाला एकादशी नसते, आजी. ते मला काही सांगू नका. सकाळी नऊला खूण जागेवर दिसली पाहिजे."

लोक हसले. मीही हसलो आणि पुढची बाटली उचलली. ते वाक्य मी तिथेच विसरलो. त्यानंतर आजींचं नाव पाटीवर कधीच आलं नाही, आणि मी ते माझ्या जरबेच्या खात्यात टाकलं.

श्रावण लागला. श्रावणात आजींचे उपास आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन होत. सोमवार धरत, शनिवार धरत, आणि त्यांचा नेम कडक, दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ-पूजा झाल्यावरच सोडायचा. मी नऊला येई तेव्हा आजी पारणं करून, हात धुऊन, बाटली पदरानं पुसून बसलेल्या असत. खूण बरोबर जागेवर. मी सगळ्यांना त्यांचं उदाहरण देत असे.

एका सकाळी त्या म्हणाल्या, "बाबू, ह्या भितीले पिवळा रंग कोणं देल्ला?"

भिंतीला नुकताच चुना दिलेला होता, डोळे दिपावेत इतकी पांढरी. मी म्हणालो, "आजी, पांढरी आहे."

"मले त हळद फासल्यावानी दिसून राह्यली. तुहा सदराबी पिवळा."

माझा सदरा नुकताच धोब्याकडून आला होता, त्यामुळे मला थोडं लागलं. मी मोठ्या गांभीर्यानं त्यांचे डोळे पाहिले आणि वहीत लिहिलं: 'दृष्टी मंद. चष्म्याची शिफारस.' खाली ऐटीत सही केली. दोन दिवसांनी त्यांना उलट्या सुरू झाल्या. मी म्हणालो, उपासाचं पित्त. मग त्या जेवेनात, उठेनात. मी म्हणालो, वय.

गुरुवारी डॉक्टर आले. त्यांनी आजींचा हात हातात घेतला आणि घड्याळ काढलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. नाडी फार संथ लागत होती, मध्येच एखादा ठोका चुकत होता. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "औषध जास्त गेलंय का?"

"छे!" मी म्हणालो. मी बाटली आणून उजेडात धरली. वहीतली महिन्याभराची पानं दाखवली. कोरी पाटीही दाखवली. डॉक्टरांना माझा इतका विश्वास वाटला की त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. पिवळ्या भिंतीचं मी त्यांना सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. ते चष्म्याच्या पानावर होतं.

"मग हृदयच थकलंय," डॉक्टर म्हणाले. "औषध आहे तसं चालू ठेवा. आणि पुतण्याला पत्र टाका."

पत्र टाका, याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. मी कार्ड घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलो, कारण लिहायला तीच एक सपाट जागा होती. 'आपल्या चुलती अत्यवस्थ आहेत' इथपर्यंत आलो तेव्हा स्वयंपाकीणबाई पिठाच्या हातानं माझ्यासमोर उभी राहिली. ही बाई सहसा बोलत नसे.

"पत्र कायले लिहून राह्यले?" ती म्हणाली. "आधी ते चार-चार घोट त बंद करा."

"कसले चार घोट?"

"पारण्याच्या दिशी माय आधी दवाईचं पारणं सोडते. कालचे तीन आन आजचा एक. तुमी या‌यच्या आधी. मंग माह्या हातची भाकर खाते." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आंधळा आहे. "तुमाले ठाव नाई? सगळ्याईले ठाव हाये."

"पण का?" मी ओरडलोच. माझं 'का बरं' कुठल्या कुठे गेलं होतं. "काहून पेते ते एकदम?"

"तुमीच त म्हणाले होते. खूण जाग्यावर पायजे."

तेव्हा मला ते वाक्य आठवलं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचं, अंगणातलं, सगळे हसले होते ते. माझ्या पद्धतीनं एक माणूस मरणाच्या दारात जाऊन पोचला होता, आणि त्याला तिथवर मी स्वतः, माझ्या तोंडानं आणून सोडलं होतं.

डॉक्टरांचा दवाखाना अंबागेटाजवळ. सायकलनं फार तर पंधरा मिनिटं. मी धावत सायकलपाशी गेलो आणि, हे लिहायला मला आजही जड जातं, पंप घेऊन चाकात हवा भरत बसलो. चाकात हवा होती. सकाळीच भरली होती. पण दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब अकोल्याची मंडळी घेऊन माझी पद्धत पाहायला येणार होते. अकोल्याला तसंच घर काढायचं चाललं होतं. त्या मंडळींत माझे जुने डॉक्टरही होते, मुंग्या लागलेल्या गुडघ्याचे. त्यांना ती कोरी पाटी दाखवायचं स्वप्न मी महिनाभर रंगवत होतो. एवढं सगळं डोक्यात होतं, आणि आत एक बाई मरायला टेकली होती. मी हवा भरत होतो. स्वयंपाकीणबाई दारात आली नसती तर टायर फुटेपर्यंत भरत राहिलो असतो.

दवाखान्यात डॉक्टरांना मी चार घोटांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दुसरं काही? दिसण्याचं काही म्हणत होती का?"

"सगळं पिवळं दिसतं म्हणाली होती."

"कधीपासून?"

"पाच-सहा दिवस झाले."

"मग तू काय केलंस?"

"चष्मा लिहिला," मी म्हणालो.

"पिवळं दिसतं ते हेच औषध जास्त झालं की," म्हणत डॉक्टरांनी हातातलं तसंच टाकलं आणि टांगा बोलावला. घरी पोचताच त्यांनी आजींची बाटली उचलून माझ्या हातात दिली. औषध बंद, आजींनी आडवं राहायचं, उठायचं नाही, थोडं थोडं पाणी. दुसरा उपाय नव्हता. अंगात गेलेलं उतरायची वाट पाहायची, आणि हृदय तोवर धरतं का ते बघायचं.

मग डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "आजी, एकदम चार डोस घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. आजींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी अजून पिवळाच दिसत असणार.

"कोणं नाई जी," त्या म्हणाल्या. "माह्याच डोक्यानं केलं. बागेत पाण्याची पाळी चुकली त दुसऱ्या दिशी भरून काढा लागते. तसंच हाये, म्हटलं."

चिंधीचा तुकडा दोन दिवस मिरवणारी बाई माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी गप्प राहिलो. मान हलवली, हेही सांगून टाकतो. त्या म्हणतात तसंच झालं, अशी हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आली. वकीलसाहेब पुढे, मागे अकोल्याचे चौघे, त्यांत माझे जुने डॉक्टर. वकीलसाहेबांनी कोऱ्या पाटीकडे हात केला आणि भाषण सुरू केलं. बायकांच्या खोलीचं दार उघडं होतं. आजी आत आडव्या होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. ज्या जागेवर उभा राहून मी त्यांचं नाव वाचलं होतं त्याच जागेवर मी उभा होतो, आणि मला एकाएकी स्वतःची इतकी शिसारी आली की मी वकीलसाहेबांचं बोलणं मध्येच तोडलं.

"ही पाटी खोटी आहे," मी म्हणालो. मग वाट मिळाल्यासारखं सगळं बाहेर पडलं. एकादशी, खूण जागेवर, चार घोट, चष्मा, अगदी सायकलचा पंपसुद्धा. आजींनी काल सांगितलं ते खरं नव्हतं, मीच त्यांना तसं करायला लावलं, हेही मोठ्यानं सांगितलं, त्यांना ऐकू जाईल असं.

मग तेल्हाऱ्याचे बुवा खाकरले. "आता निंगालीच गोठ त सांगून टाकतो," ते म्हणाले. "मी त पयल्या दिवसापासून झेंडूले पाजतो."

परतवाड्याचे मुनशी, जंगलखात्यातून पेन्शनीत निघालेले, फार सभ्य गृहस्थ. ते म्हणाले की त्यांचं औषध त्यांना आवडतं, ते जरा जास्तच घेतात, आणि मग खाचेपर्यंत पाणी भरून ठेवतात. मग एकेक करत सगळेच बोलते झाले. अठरांपैकी औषध खरोखर पट्टीप्रमाणे घेणारे तिघं निघाले, तेही मला वाटतं संकोचानं तसं म्हणाले. कुंड्यांतला झेंडू त्या वर्षी का जळला, तेही कळलं. ओतणं किंवा पाणी घालणं आजींच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी जेवढं कमी पडलं तेवढं पिऊन टाकलं होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मास्तरांनी मला गुडघा तरी आणून दाखवला होता," ते म्हणाले. "इथे तू कोणी काही दाखवायची सोयच ठेवली नव्हतीस." नोकरी गेली असं समजून मी मान खाली घालून उभा राहिलो. ती गेली नाही, कारण वकीलसाहेबांना तेवढ्या पगारात दुसरा माणूस मिळण्याजोगा नव्हता.

पुढचे चार दिवस मी आजींच्या खाटेजवळ स्टूल टाकून बसलो. नाडी मोजायची, पाणी पाजायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सगळ्याईच्या समोर काहून सांगतलं रे? मी त झाकून घेतलं होतं."

"तुमचं खोटं बोलणं पाहवलं नाही," मी म्हणालो.

"मंग आधी काहून नाई बोलला?"

"भेलो होतो आजी," मी म्हणालो, आणि रडलो. माझ्या हाताखालचा हात आजींनी काढून घेतला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "पांढरीच हाये बावा."

त्या भाद्रपदापर्यंत उठून बसायला लागल्या. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं, अगदी कमी. आता बाटल्या माझ्यापाशी कुलपात राहत. मी दिवसातून तीनदा प्रत्येकाच्या खाटेशी जाई, काल काय झालं, आज कसं वाटतं, जेवला का, उपास आहे का, ते विचारी, आपल्या हातानं डोस ओती आणि घशाखाली उतरेपर्यंत बसे. तेल्हाऱ्याच्या बुवांसाठी जीभही बघावी लागे. सगळ्याला दुप्पट वेळ जाई. पाटी मी काढून न्हाणीघरामागे टाकून दिली होती.

मग एकादशी आली. आजींनी मान हलवून नको म्हटलं आणि मी तिन्ही वेळा, बरं, म्हणून पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं झाल्यावर औषध घेऊन गेलो तर आजी अंगणात बसलेल्या. न्हाणीघरामागची पाटी त्यांनी आणवून पुसून मांडीवर ठेवली होती.

"लिव," त्या म्हणाल्या.

"काय लिहू? पाटी बंद झाली आजी."

"माहं नाव लिव. काल तीन घेतले नाई म्हनून लिव. खरं हाये ना?"

मी लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून अंगणात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मोर्शीच्या आजी, काल तीन घेतले नाहीत. या खेपेला त्यांनी पदर ओढला नाही. वाटीत मी एक डोस ओतला, तेव्हा वाकून नीट पाहिलं.

"एकच हाये ना?"

"एकच," मी म्हणालो.

मग त्यांनी तोंड उघडलं.